कपाटातील स्कॅनर आणि आमची दाखल-रजिस्टरे





आपल्या शाळेच्या कार्यालयात एक जुने सागवानी कपाट आहे. त्यात दाखल-खारिज रजिस्टरे, म्हणजे शाळेत आलेल्या व शाळा सोडून गेलेल्या प्रत्येक मुलाची नोंद असलेल्या जाड वह्या आहेत. २०२५ च्या पावसाळ्यात त्या कपाटामागच्या भिंतीत ओल शिरली आणि तिच्या मागोमाग वाळवी आली. कपाट सागवानी म्हणून तिने त्याला सोडले, आत ठेवलेल्या कागदाला मात्र सोडले नाही. दोन रजिस्टरांचे खालचे कोपरे गेले. त्याच आठवड्यात एक वयोवृद्ध माजी विद्यार्थी जन्मतारखेचा दाखला मागायला आले होते. त्यांची नोंद १९६१ सालची. पान उघडले तेव्हा वाळवीने खाल्लेली कड त्यांच्या नावापासून दोन बोटांवर येऊन थांबली होती. दाखला देता आला. पण बडे बाबूंच्या कपाळावरचा घाम आम्ही पाहिला आणि आमच्या कपाळावरचा त्यांनी.

विश्वस्तांच्या बैठकीत सर्व जुनी रजिस्टरे स्कॅन करून ठेवावीत असे ठरले. नवीन स्कॅनरसाठी किती खर्च येईल असा विषय निघताच एका विश्वस्तांनी विचारले, "अहो, एक स्कॅनर आपण घेतला होता ना? त्याचे काय झाले?" प्रश्न रास्त होता. २००९ मध्ये घेतलेला तो पातळ, पाटीसारखा स्कॅनर त्याच कपाटाच्या वरच्या खणात होता. कार्यालयातील संगणक बदलला, विंडोज बदलली आणि स्कॅनर चालेना, तेव्हा आम्हीच तो बाजारात दाखवायला नेला होता. दुकानदाराने उलटसुलट पाहून सांगितले, "सर, ये अब नहीं चलेगा. इसका ड्राइवर ही नहीं आता. नया ले लीजिए." आम्ही मुकाट्याने तो परत आणून खोक्यात ठेवला. दुकानदार खोटे बोलला नव्हता. त्याच्यासमोर जी विंडोज होती तिच्यापुरते ते खरेच होते. पण "या संगणकावर चालत नाही" आणि "यंत्र बिघडले" या दोन वाक्यांत फरक आहे, तो तेव्हा आमच्या ध्यानात आला नाही.

पुढे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे मोफत सुरक्षा-सुधार थांबले. कार्यालयातील संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हता. दिवाळीच्या सुट्टीत संगणक-शिक्षकांनी त्यावर लिनक्स मिंट बसवले. अकरावीतील एक विद्यार्थिनी त्यांना मदत करीत होती. तिनेच सुचवले की तो जुना स्कॅनर एकदा यावर लावून पाहू. त्या दिवसापासून पहिले पान स्वच्छ उमटेपर्यंत चार दिवस गेले. आज जे अर्ध्या तासात होते त्याला चार दिवस का लागले, तेच येथे सांगत आहोत, कारण आपल्यापैकी कित्येकांच्या घरी माळ्यावर असे यंत्र नक्की असेल.

आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले आणि संगणक आम्ही नोकरीत आल्यावर शिकलो. त्यामुळे जे आम्हाला समजले ते कोणालाही समजेल असे धरून चालतो. आज्ञा येथे नागरीत लिहिल्या आहेत. टंकताना त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकाव्यात.

प्रथम ड्रायव्हर म्हणजे काय ते पाहू. नाव सारथ्याचे असले तरी त्याचे काम दुभाष्याचे आहे. आमच्या लहानपणी आजीला मराठीशिवाय काही येत नसे आणि दारावर येणारा भाजीवाला ठेठ माळवी बोले. मधे आई उभी राहायची. आजी म्हणायची, "मेथी निवडून दे म्हणावं," आणि आई ते त्याच्या बोलीत सांगायची. आई घरी नसली तर आजीही होती, भाजीवालाही होता, मेथीही होती, पण व्यवहार होत नसे. स्कॅनरचे तसेच आहे. दिवा किती पेटवावा, पट्टी किती सरकवावी, एका इंचात किती बिंदू वाचावेत हे सांगण्याची प्रत्येक जातीच्या स्कॅनरची आपली बोली असते. ती बोली जाणणारा कार्यक्रम संगणकात नसेल तर चांगले यंत्रही मुके राहते. विंडोजसाठी हा दुभाषा बहुधा यंत्र बनवणारी कंपनी देते, आणि यंत्र जुने झाले की पुढच्या विंडोजसाठी नवा दुभाषा बनेलच असे नाही.

लिनक्समध्ये व्यवस्था निराळी आहे. तेथे स्कॅनरांसाठी 'सेन' नावाची एक सामाईक व्यवस्था आहे. 'स्कॅनर अ‍ॅक्सेस नाऊ ईझी' या चार शब्दांची ती आद्याक्षरे. इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ 'शहाणा' असाही होतो. ही व्यवस्था जगभरच्या स्वयंसेवकांनी बनवली आहे आणि ती कोणालाही मोफत वापरता येते. तिचे दोन भाग आहेत. एक मागचा, ज्याला बॅकएंड म्हणतात. तो यंत्राची बोली जाणतो. दुसरा पुढचा, फ्रंटएंड. ती आपल्याला दिसणारी खिडकी, जिच्यात 'स्कॅन' असे बटण असते. मागचे दुभाषे अनेक आहेत. जेनेसिस, प्लस्टेक, पिक्स्मा, एप्सन-टू, स्नॅपस्कॅन अशी त्यांची नावे. प्रत्येक दुभाषा एकेका घराण्याच्या स्कॅनरांशी बोलतो. पुढची खिडकी कोणतीही घ्या, तिला यापैकी कोणीही चालतो. त्यामुळे एखादा स्कॅनर वीस वर्षांचा झाला तरी त्याचा दुभाषा 'सेन'मध्ये असेल तोवर तो वापरता येतो. आमच्या स्कॅनरचा होता.

मग चार दिवस का लागले?

पहिल्या दिवशी स्कॅनर संगणकाला दिसलाच नाही. येथे पहिली आज्ञा शिकून घ्यावी. टर्मिनल नावाची काळी खिडकी उघडून 'एल-एस-यू-एस-बी' ही पाच अक्षरे सलग टंकून एंटर दाबले की यूएसबीला जोडलेल्या सर्व वस्तूंची यादी येते. माउस, कीबोर्ड, पेनड्राइव्ह, सगळे. प्रत्येक ओळीत चार-चार अक्षरांच्या दोन जोड्या असतात, मधे विसर्गासारखे दोन टिंब. पहिली जोडी कंपनीचा क्रमांक, दुसरी त्या विशिष्ट यंत्राचा. हे अंक सोळाच्या पद्धतीचे असल्याने त्यांत ए ते एफ ही अक्षरेही येतात. उदाहरणार्थ '०४ए९' म्हणजे कॅनन, '०४बी८' म्हणजे एप्सन आणि '०३एफ०' म्हणजे एचपी. यंत्राच्या अंगावर छापलेले नाव पुसले गेले असले तरी हे क्रमांक त्याच्या पोटात असतात, त्यामुळे ओळख पटवायला यासारखा दाखला नाही.

आमच्या यादीत असा क्रमांक नव्हताच. दुभाष्याचा प्रश्न फार पुढचा. येथे भाजीवाला दारातच आला नव्हता. आम्ही मात्र तिकडे न पाहता जुन्या छापील सूचना काढून बसलो. त्यांत 'मॉडप्रोब स्कॅनर' अशी आज्ञा द्यायला सांगितले होते. ती कितीही वेळा दिली तरी 'असे काही सापडत नाही' हेच उत्तर. नंतर कळले की लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, यूएसबी स्कॅनरसाठी वेगळा भाग असे तो काळ २.४ मालिकेचा. २.६ च्या मालिकेत तो काढून टाकला गेला आणि तेव्हापासून 'सेन' हे काम 'लिबयूएसबी' नावाच्या साधनातून स्वतःच करते. थोडक्यात, आम्ही पाडलेल्या घराचे दार ठोठावत होतो. कोणाच्याही हाती अशी जुनी सूचना पडली तर तिच्यात 'मॉडप्रोब' शब्द आला की ती बाजूला ठेवावी.

खरे कारण साधे होते. या पातळ स्कॅनरांना वेगळी वीज लागत नाही. ते यूएसबीच्या तारेतूनच वीज घेतात. यूएसबी २.० च्या एका खाचेतून ५ व्होल्टवर ५०० मिलिअ‍ॅम्पिअरपर्यंत वीज मिळते, त्याहून जास्त नाही. आम्ही स्कॅनर टेबलावर सोयीच्या जागी ठेवण्यासाठी तीन मीटरची जोडतार लावली होती आणि ती संगणकाच्या पुढच्या खाचेत खोचली होती. जोडतार काढली, स्कॅनरची मूळ तार संगणकाच्या मागच्या खाचेत लावली, आणि यादीत एक ओळ वाढली. एवढ्यासाठी एक दिवस.

दुसऱ्या दिवशी गंमत झाली. 'सेन'ला किती स्कॅनर दिसतात हे विचारण्याची आज्ञा म्हणजे 'स्कॅन' आणि 'इमेज' हे दोन इंग्रजी शब्द मधे जागा न सोडता, मग एक जागा, मग आडवी रेघ आणि मोठे 'एल'. (आमच्या आज्ञांत हेच एक अक्षर मोठे आहे.) ती दिल्यावर एक यंत्र दिसते असे उत्तर आले. आम्ही आनंदाने बडे बाबूंना बोलावले, रजिस्टराचे पान काचेवर पालथे ठेवले आणि स्कॅन करा म्हटले. पडद्यावर चित्र उमटले ते बडे बाबूंचे. 'सेन'मध्ये वेबकॅमसाठीही एक दुभाषा आहे आणि तो संगणकावरच्या कॅमेऱ्याला स्कॅनर म्हणून यादीत दाखवतो. नाव वाचले असते तर 'व्ही-फोर-एल' या अक्षरांवरून कळले असते. आम्ही फक्त "एक यंत्र सापडले" एवढेच वाचले. मुलांना आम्ही परीक्षेत प्रश्न पूर्ण वाचा म्हणून सांगतो!

खरा स्कॅनर तेथे का नव्हता? या वेळी 'एल-एस-यू-एस-बी'मध्ये तो होता. 'सेन-फाइंड-स्कॅनर' या आज्ञेतही होता. (ही आज्ञा फक्त "यूएसबीवर स्कॅनरसारखे काही दिसते" एवढेच सांगते. त्याच्याशी बोलणारा दुभाषा आहे की नाही याची खात्री ती देत नाही, आणि तसे ती स्वतःच लिहूनही दाखवते.) संगणक-शिक्षक त्या वेळी प्रयोगशाळेत बसून शाळेच्या जाळ्यातून कार्यालयातील संगणकावर काम करीत होते. आमच्या विद्यार्थिनीने त्यांच्या शेजारी बसून तीच आज्ञा आधी 'सुडो' शब्द लावून, म्हणजे संगणकाच्या मालकाचे अधिकार घेऊन, दिली. स्कॅनर लगेच दिसला. "सर, रूटने दिसतोय, साध्या नावाने नाही दिसत," ती म्हणाली. ही खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे. मालकाला दिसते आणि इतरांना दिसत नाही, तर यंत्र ठीक, तार ठीक, दुभाषाही ठीक. अडले ते परवानगीशी.

लिनक्स हे मुळातच अनेकांनी एक संगणक वापरावा अशा पद्धतीचे असल्याने कोणत्या यंत्राला कोणी हात लावावा याचे त्यात नियम असतात. आजच्या बहुतेक लिनक्समध्ये जो माणूस प्रत्यक्ष संगणकासमोर बसून आपल्या नावाने आत आला आहे, त्याला ओळखीच्या स्कॅनरची परवानगी आपोआप मिळते. दूरून जाळ्यातून आलेल्याला ती मिळत नाही. संगणकाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. काचेवर काय ठेवले आहे ते दूर बसलेल्याला कुठे दिसते? त्याला परवानगी द्यायची तर त्याचे नाव 'स्कॅनर' नावाच्या गटात घालावे लागते.

आणि येथे आमच्या हातून मोठी चूक होता होता राहिली. गटात नाव घालण्याच्या एका आज्ञेत 'यूजरमॉड'नंतर मोठे 'जी' येते आणि त्याच्याबरोबर लहान 'ए' लागतो. तो 'ए' म्हणजे 'जोडा'. तो विसरला तर संगणक त्या माणसाला नव्या गटात घालतो खरा, पण आधीच्या इतर सर्व जादा गटांतून काढून टाकतो. त्यांत मालकाचे अधिकार देणारा गटही आला. म्हणजे आपल्याच घरातून आपणच बाहेर. आम्ही 'ए'शिवायची आज्ञा टंकून एंटरवर बोट ठेवले होते. विद्यार्थिनीने "थांबा, सर!" म्हटले म्हणून वाचलो. म्हणून तिने सुचवलेली दुसरी रीत सांगतो. 'सुडो', 'अ‍ॅड-यूजर' (सलग), मग माणसाचे खाते-नाव, मग 'स्कॅनर'. ही आज्ञा फक्त जोडते, काढत नाही. त्यानंतर खात्यातून बाहेर पडून पुन्हा आत यावे लागते, तोपर्यंत नवा गट लागू होत नाही. हे न केल्याने "काहीच फरक पडला नाही" म्हणत आम्ही आणखी तासभर घालवला.

कोणी म्हणेल, 'सुडो'ने चालत होते तर तसेच का चालवले नाही? तिसऱ्या दिवशी सकाळी शिक्षक नसताना आम्ही तेच केले. वीस पाने झाली. त्या फाइली मालकाच्या नावावर तयार झाल्या आणि बडे बाबूंना त्यांत काही दुरुस्त करता येईना. शिवाय कार्यालयातील रोजच्या कामाला मालकाची किल्ली हातात देणे हे तिजोरी उघडी टाकून पाणी प्यायला जाण्यासारखे आहे. तेव्हा ती वाट धरू नये.

ती वीस पाने अशीही वाया गेलीच होती, कारण त्या प्रत्येक पानावर उभ्या रेषा आणि काळे पट्टे होते आणि स्कॅन करताना यंत्रातून कर्र-कर्र असा दाताखाली खडा यावा तसा आवाज येत होता. आम्ही सारा दिवस बॅकएंडला दोष देत राहिलो. चौथ्या दिवशी यंत्र उलटे करून पाहिले तर पोटाशी एक लहानसा खटका, त्यावर कुलपाचे चित्र. वाहतुकीत आतली पट्टी हलू नये म्हणून काही स्कॅनरांना असे कुलूप असते. काही वर्षांपूर्वी खोक्यात घालताना आम्हीच ते काळजीपूर्वक लावले होते. खटका सरकवला आणि पहिले स्वच्छ पान निघाले. त्या पानावरचे पहिले नाव वाचताना बडे बाबू म्हणाले, "हे तर आमच्या चुलत आजोबांचे नाव!" मग अर्धा तास काम बंद राहिले.

सर्वांचेच काम इतक्या सहज होईल असे म्हणवत नाही. काही स्कॅनर चालू करताना संगणकाकडून एक लहान फाइल मागतात. तिला फर्मवेअर म्हणतात. ती कंपनीच्या विंडोजच्या सीडीवर असते, आणि तिच्यावर कंपनीचा हक्क असल्याने 'सेन'ला ती आपल्याबरोबर वाटता येत नाही. स्नॅपस्कॅन घराण्यातील अनेक यंत्रे अशी आहेत. म्हणून जुन्या स्कॅनरबरोबर आलेली सीडी कधीही टाकू नये. छपाई आणि स्कॅन दोन्ही करणाऱ्या आजच्या यंत्रांची गोष्ट वेगळी आहे. त्यांपैकी बरीच एका सामाईक पद्धतीने बोलतात आणि 'सेन-एअरस्कॅन' नावाचा एकच दुभाषा त्यांना पुरतो. एचपीच्या यंत्रांसाठी 'एचपीलिप' आहे, ब्रदर कंपनी लिनक्ससाठी आपले स्वतःचे ड्रायव्हर देते. आणि काही यंत्रे अशीही आहेत की त्यांची बोली आजवर कोणालाच उलगडलेली नाही. त्यांच्यापुढे हात टेकावे लागतात. हे आधीच कळू शकते. 'सेन'च्या संकेतस्थळावर यंत्रांची मोठी यादी आहे आणि प्रत्येकापुढे 'पूर्ण', 'चांगले', 'जेमतेम', 'चालत नाही' असे शेरे आहेत. यंत्र घेण्यापूर्वी ती पाहावी. विश्वस्तांना विनंती की पुढे शाळेसाठी असे काही घ्यायचे झाल्यास दरपत्रकाबरोबर त्या यादीतील शेराही मागवावा.

आता रजिस्टरे कशी स्कॅन करतो ते थोडक्यात. एका इंचात ३०० बिंदू ठेवले आहेत. ए-४ आकाराच्या पानाचे त्यात आडवे २,४८० आणि उभे ३,५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख बिंदू होतात. रंगीत ठेवले तर प्रत्येक बिंदूला तीन बाइट, म्हणून एक पान मुळात सुमारे २६ मेगाबाइट. ६०० बिंदू घेतले तर याच्या चौपट. हस्ताक्षर वाचायला ३०० पुरते. पालकांपैकी एकांनी काळे-पांढरे स्कॅन करण्याचा सल्ला दिला होता, जागा वाचते म्हणून. आम्ही तो मानला नाही. जुन्या रजिस्टरांत मूळ नोंद काळ्या शाईत, दुरुस्ती तांबड्या शाईत आणि सही निळ्या शाईत आहे. रंग गेला तर कोणती नोंद आधीची आणि कोणती नंतरची हे कसे सांगणार? दाखल्याच्या कामात तोच तर खरा मुद्दा असतो.

रजिस्टर फुलस्केप आकाराचे, काच ए-४ ची. म्हणून प्रत्येक पान दोन भागांत घेतो, मधली चार ओळी दोन्हींत येतील असे. आणखी एक अडचण अशी की या पातळ स्कॅनरांना कागद काचेला अगदी चिकटून लागतो. वहीच्या शिवणीकडे पान थोडे उचललेले राहते आणि तेथील अक्षरे धूसर येतात. जोर देऊन दाबले तर शिवण उसवते. कागद वाचवायला निघून कागदच फाडायचा, हे आम्हाला पटले नाही. अशा पानांचे शिवणीकडचे फोटो वेगळे, उजेडात, कॅमेऱ्याने काढतो. एका तासात चाळीस-पन्नास पाने होतात. 'स्कॅन-इमेज'च्या आज्ञेला 'बॅच' आणि 'बॅच-प्रॉम्प्ट' जोडले की प्रत्येक पानाआधी यंत्र थांबते, एंटरची वाट पाहते आणि फाइलींना क्रमांक आपोआप देते. ज्यांना आज्ञा नको वाटतात त्यांच्यासाठी मिंटमध्ये 'डॉक्युमेंट स्कॅनर' नावाची सोपी खिडकी आहेच. बडे बाबू तीच वापरतात. एक सूचना मात्र आज्ञा वापरणाऱ्यांना. यादीत स्कॅनरचा जो पत्ता दिसतो त्यातील शेवटचा आकडा तार काढून पुन्हा लावली की बदलतो. तो कोठे पक्का लिहून ठेवू नये.

मूळ प्रती पीएनजी स्वरूपात ठेवतो, कारण त्यात काही गाळले जात नाही. पाहण्यासाठी वेगळी पीडीएफ. एक संच शाळेत, दुसरा शाळेबाहेर विश्वस्तांच्या ताब्यात.

विद्यार्थ्यांनी विचारले की संगणक ही नावे वाचून स्वतः यादी करील का. छापील मराठी वाचणारा 'टेसरॅक्ट' नावाचा मोफत कार्यक्रम आहे आणि शाळेची जुनी छापील वार्षिके आम्ही त्याने वाचून पाहिली. चुका राहतात पण काम हलके होते. हस्ताक्षरापुढे मात्र त्याचे काही चालत नाही. त्यातून सर्वांत जुन्या दोन रजिस्टरांतील शेरे मोडीत आहेत. मोडी लिपीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली, त्यामुळे ती संगणकावर टंकता येते. वाचायला मात्र माणूसच लागेल. आपल्या घरी कोणा आजी-आजोबांना मोडी येत असेल तर कृपया कार्यालयात कळवावे. त्यांना घरून आणण्या-पोचवण्याची व्यवस्था शाळा करील.

काही माजी विद्यार्थ्यांनी आपल्या वर्गाची पाने व्हॉट्सअ‍ॅपवर मागितली आहेत. भावना समजते, पण ती देता येणार नाहीत. त्या पानांवर केवळ त्यांचे नाव नाही, शेजारच्याची जात, जन्मतारीख, वडिलांचा धंदा आणि एखाद्याचे नाव कमी केल्याचे कारणही आहे. स्वतःची नोंद पाहायची असेल त्यांनी कार्यालयात यावे, ती दाखवली जाईल आणि तिचा प्रमाणित उतारा मिळेल.

आजपर्यंत वाळवी लागलेली दोन्ही रजिस्टरे आणि त्यापुढील तीन पूर्ण झाली आहेत. अकरा बाकी आहेत. दर शनिवारी शाळा सुटल्यावर दोन तास हे काम चालते. नववी ते बारावीचे विद्यार्थी पालकांच्या संमतीने येऊ शकतात. हात धुऊन यावे आणि पाण्याची बाटली बाहेर ठेवावी. ज्यांच्या घरी बंद पडलेला यूएसबी स्कॅनर असेल त्यांनी तो रद्दीत देण्यापूर्वी एका शनिवारी तारेसह, आणि असल्यास सीडीसह, घेऊन यावे. आधी त्याचे पोट पाहू, मग क्रमांक पाहू.